शेवटचं पान आधी

चौथ्या दुकानदारानं कागद उजेडात धरला, आडवा केला, परत उभा केला आणि मग मोठ्या अदबीनं विचारलं, "मॅडम, हे मराठीच आहे ना?"

सुलेखा मगरेनं कागद त्याच्या हातातून ओढूनच घेतला. एप्रिलची दुपार, औरंगपुऱ्याचा रस्ता तापलेला, आणि सकाळपासून हे चौथं दुकान. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीनं अंगणात पाय खरडावेत तसं, हे तिला स्वतःलाही कबूल होतं. नाव सुलेखा आणि अक्षर हे असलं! शाळेत मास्तर हजेरी घेतानाच हसायचे. आजवर तिच्या कथा टाइप करून द्यायचे पुंजारामकाका. ते गेल्या महिन्यात डोळ्यांचं ऑपरेशन करून लेकाकडं गावी गेले, आणि तेव्हापासून ही बाई शहरभर कागद घेऊन वणवण फिरत होती.

पुस्तकांच्या दुकानांमागं एक बोळ आहे, तिथं तिला पाचवी पाटी दिसली. 'खिल्लारे डीटीपी. लग्नपत्रिका, नोटिसा, प्रबंध.' आत एक सावळा, उंचेला माणूस कानावर पेन्सिल खोचून बसला होता. तिनं काही न बोलता पहिलं पान त्याच्यापुढं टाकलं. आता हाही हात जोडणार, म्हणून ती अर्धी वळलीसुद्धा...

"'तिच्या घराला खिडकी एकच होती,'" मागून आवाज आला, "'आणि ती त्याच्या दुकानाकडं उघडत नव्हती.' वा! मग पुढं? दुसरं पान कुठंय?"

सुलेखा जागच्या जागी थांबली.

"तुम्हाला... वाचता येतंय?"

"न यायला काय झालं?"

"इथं आता कुणालाच येत नाही. कधी कधी तर मलाही नाही येत."

तो हसला. हसताना कानावरची पेन्सिल घसरली, ती त्यानं हवेतच झेलली. "माझे वडील कंपाउंडर होते, मॅडम. पाचवीपासून डॉक्टर लोकांच्या चिठ्ठ्या वाचतोय मी. त्याच्यापुढं तुमचं अक्षर म्हणजे एकदम छापील!"

तेहतीस वर्षांची, नावाजलेली कथालेखिका, आणि कानशिलं तापली की तिची! उन्हानं असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. दुकानात पंखा होता, हे मात्र ती सोयीस्कर विसरली.

त्याचं नाव संघपाल खिल्लारे.

*

लेखिका म्हटलं की लोकांना वाटतं, खिडकीत बसून चंद्राकडं बघत असेल. कसलं काय! मुकुंदवाडीला स्टेशनच्या अलीकडं दोन खोल्या. एकीत आई कडूबाई, सरकारी दवाखान्यात आया म्हणून तीस वर्षं राबून निवृत्त झालेली, आणि दुसरीत टेबलाशी सुलेखा. पहाटे पाचला उठून तीन पानं. ती होईस्तोवर घरात कुणी बोलायचं नाही, अगदी चहा झाला असं सांगायचंसुद्धा नाही. दहा ते एक ऐकायच्या मालिकेचे भाग. ते ती मोबाइलमध्ये बोलून टाकायची. दोनशे बाराव्या भागात एक सासू कोमात गेली होती आणि कंपनी म्हणत होती की तिला दिवाळीआधी उठवा. दुपारी पेपरच्या पुरवणीचं सदर. पोट ह्यावर चालायचं. जीव मात्र दिवाळी अंकांच्या कथांत. त्या कागदावरच उतरायच्या, हातानंच. मोबाइलपुढं बसलं की त्या रुसून बसायच्या.

आणि आठवड्यातला एक दिवस पाण्याचा. आठ दिवसांनी, कधी नऊ दिवसांनी नळ यायचा. त्या दिवशी कथा नाही, सासू नाही, काही नाही. हंडे, टाक्या, पिंप. तो दिवस कडूबाईचा.

सुलेखाची आणखी एक खोड होती. ती शेवटचं पान आधी लिहायची. पहिली कादंबरी तीन वर्षं अर्धवट लटकली होती, तेव्हापासून तिनं हा नेमच धरला. आधी शेवट लिहायचा, टाइप करून घ्यायचा, आणि मग सुरुवातीपासून त्या शेवटापर्यंत चालत जायचं. एकदा टाइप झालेला शेवट तिनं कधी बदलला नव्हता. संपादक हातापाया पडले तरी नाही. आणि तिचे शेवट सगळे रडवणारे. लोक म्हणायचे, सुलेखा मगरेची कथा वाचायची तर रुमाल जवळ ठेवा.

"अहो, शेवट आधीच दिल्यावर मधलं टाइप करण्यात मजा काय राहिली?" संघपालनं पहिल्याच कथेला तक्रार केली.

"तुम्ही टायपिस्ट आहात की वाचक?"

"आधी वाचक. टायपिस्ट आपलं पोटासाठी." मग जरा थांबून तो म्हणाला, "त्रास होतो ना पण. ती पोरगी चौथ्या पानावर खदखदा हसती, आणि मला माहीत असतं हिचं पुढं काय होणारंय. मी तिला सांगूही शकत नाही."

सुलेखानं मान वर केली. दहा वर्षांत तिच्या कथेविषयी इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

पानाच्या कडेला तो पेन्सिलीनं बारीक बारीक शेरे लिहायचा. सुधारणा नाहीत हं, कुरबुरी. 'मॅडम, ही बाई सकाळपासून उपाशी आहे.' 'इथं दोघं बोलत बसलेत, तिसरा प्रहर झाला, जेवण कधी?' सुलेखा हसून हसून बेजार. खरंच की! तिची माणसं प्रेम करायची, रडायची, मरायचीसुद्धा, पण जेवायची नाहीत. मग ती घरी येऊन आपल्या नायिकेला भाकरी खाऊ घालायची.

मे गेला, जून गेला. चार कथा झाल्या. एका पानाच्या कडेला शेरा आला, 'नायिका जेवली. लेखिका जेवली का?'

त्या दिवशी ती खरोखर जेवली नव्हती. तिनं मान हलवली, नुसती. त्यानं आपला डबा दोघांच्या मध्ये सरकवला. मेथीची भाजी, दोन भाकरी, ठेचा. त्यानंतर तिचं दुकानात जायचं आणि त्याच्या जेवायचं टाइमिंग कसं कोण जाणे, रोज जुळायला लागलं.

"आज कागद आणले नाहीत?" तो विचारायचा.

"आज... चौकशीला आले. कुठवर आलंय बघायला."

"काल संध्याकाळी होतं तिथंच आहे."

"असू दे. तरी बघते."

*

दिवाळी अंकासाठी त्या वर्षी मोठी कथा मागितली होती, चौसष्ट पानांची. वेरूळच्या लेण्यांपाशी तिकीट खिडकीवर बसणारी मेघा आणि तिथंच फोटोंचे अल्बम विकणारा विश्वजीत. शेवट सुलेखानं आषाढातच लिहून ठेवला होता. विश्वजीत गाव सोडून निघालाय, बसमध्ये बसलाय. मेघा रसवंतीच्या मागं उभी राहून बघते. हाक मारत नाही. बस जाते.

जागा डोळ्याखालून घालायची म्हणून श्रावणातल्या एका रविवारी दोघं त्याच्या स्कूटरवर वेरूळला गेले. घृष्णेश्वराच्या दर्शनाची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. भुरभुर पाऊस. दोघं लेण्याच्या पुढं आलेल्या दगडाखाली उभे राहिले, हातात एकेक भाजलेलं कणीस. वरच्या कड्यावरून पाण्याची धार पडत होती आणि तिचे तुषार सुलेखाच्या गालावर येत होते. त्यानं रुमाल काढला, पुढं केला, आणि मग धीर न होऊन तिच्या हातात ठेवला.

"नागपूरला भाऊजींचा छापखाना आहे," तो एकदम म्हणाला. "कधीचे बोलावतायत. इथं टायपिंगला आता कोण येतं? सगळे मोबाइलशी बोलतात, मोबाइल लिहून देतो. आई पण ताईकडं, तिकडंच आहे. ऑगस्टअखेर कळवायचंय."

"मग?"

"मग काय... तुम्ही थांब म्हणालात तर थांबतो."

सुलेखा कणसाकडं बघत राहिली. "टायपिंगसाठी?"

"टायपिंगसाठी नाही."

पाण्याचा आवाज तेवढा राहिला. तिला थांबा म्हणायचं होतं. एक शब्द! चौसष्ट चौसष्ट पानं लिहिणाऱ्या बाईला एक शब्द जड झाला. तसं तिचं जन्मापासूनच होतं. बोलायची वेळ आली की वाचा बसायची, जे काही यायचं ते हातातून यायचं.

"मी... लिहून सांगते," ती कशीबशी म्हणाली.

तो हसला. "सांगा. माझ्याशिवाय कुणाला वाचता यायचं नाही, तेवढं बरंय. आणि हे बघा, मी पुन्हा विचारणार नाही. तुम्हाला अडचण नको."

घरी आली ती थेट टेबलाशी. दिवेलागणीला तिनं नवं शेवटचं पान लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा शेवट बदलला. मेघा रसवंतीच्या मागून बाहेर येते, भर स्टँडवर बसच्या खिडकीवर थाप मारते आणि... जे सुलेखाला दगडाखाली उभं राहून म्हणता आलं नव्हतं, ते सगळं मेघा म्हणते. वर कोपऱ्यात तिनं आकडा घातला, चौसष्ट. लिहून झाल्यावर ती एकटीच हसत बसली.

आता कुणीही शहाणी बाई काय करेल? दुसऱ्या दिवशी जाऊन ते पान त्याच्या हातात देईल. पण ही पडली लेखिका! हिला वाटलं, शेवटचं पान शेवटीच वाचलं जायला पाहिजे. तो सगळी कथा टाइप करत येईल, मेघा आता हाक मारणार नाही अशा खात्रीनं येईल आणि अचानक ती खिडकीवर थाप! त्याचं तोंड कसं होईल, कानावरची पेन्सिल कशी पडेल, हे सगळं तिनं मनातल्या मनात रंगवून टाकलं. म्हणून तिनं काय केलं, तर नवं पान घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि मंगळवारी नेहमीसारखं आषाढातलं जुनं शेवटचं पान आधी नेऊन दिलं. नाहीतर त्याला संशय आला असता ना!

"आणि माझं उत्तर?" त्याचे डोळे विचारत होते.

"कथेत आहे," ती म्हणाली, आणि लाजून पळालीच तिथून.

अगं बाई, चकवायला तुला हाच माणूस सापडला का!

*

तो त्यानंतर गप्प झाला. कागद घ्यायचा, नीट एकावर एक लावायचा, टाइप करायचा. डबा अजूनही मध्ये सरकवायचा. पण शेरे कमी झाले. विश्वजीतच्या कानावर पेन्सिल होती, विश्वजीतचा बाप कंपाउंडर होता, त्यालाही कणीस आवडायचं. हे वाचून तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. एका पानाच्या कडेला फक्त 'छान' लिहिलं होतं.

सुलेखाला वाटलं, उत्तराची वाट बघतोय बिचारा. तिला त्याची दयाही आली आणि गंमतही वाटली. रोज त्याच्याशेजारच्या स्टुलावर बसताना मांडीवर पर्स असायची. पर्समध्ये ते पान असायचं. दोन वेळा तर तिनं चेनही उघडली होती.

"काय गं," कडूबाईनं एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "त्या टायपिंगवाल्याला सांगितलंस का नाय?"

सुलेखा चमकली. "काय सांगायचं?"

"मला काय डोळे नायत व्हय? महिना झाला, आरशापुढं लई वेळ ऱ्हाती तू."

"लिहिलंय मी, आई. कथा संपली की देणारंय."

"लिहिलंय म्हणं! अगं, तोंड दिलंय की देवानं... नायतर आईबापानं म्हण," कडूबाई आपल्या गळ्यातल्या बाबासाहेबांच्या पदकाला हात लावत म्हणाली. "माणूस समोर बसलाय त्याला तोंडानं सांग. त्याला काय स्वप्न पडणारंय?"

सुलेखा हसली. आईला कथेतलं काय कळणार!

गणपतीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. पन्नास पानं झाली होती. संघपाल टाइप करता करता थांबला. पडद्याकडंच बघत म्हणाला, "एक विचारू? शेवट... हाच राहणार ना?"

तिच्या अंगातून गोड शिरशिरी गेली. तिला वाटलं, आता जरा जरी हसले तर ह्याला सगळं कळेल. मोठ्या कष्टानं तिनं चेहरा सरळ ठेवला.

"मी कधी शेवट बदललाय का?"

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही नाही बदलत."

मग पुढचा परिच्छेद त्यानं टाइप केला. त्यात एकही चूक नव्हती.

*

शेवटची तेरा-चौदा पानं शनिवारी द्यायची ठरली होती. शनिवारी सकाळी नऊ दिवसांनी नळ आला. संध्याकाळपर्यंत हंडे आणि पिंपं. कंबर धरून आली. सोमवारी देऊ, असं सुलेखानं ठरवलं. सोमवारी गेली तर शटर खाली. फोनवर निरोप आला, 'गावाला आलोय. उद्या दुकानात आहे.'

मंगळवारी तिनं हिरवी इरकल नेसली. पाकिटात सगळी पानं लावली आणि पर्समधलं पान काढून सगळ्यांत खाली ठेवलं. औरंगपुऱ्यात गणपतीचे ढोल वाजत होते. ती जवळजवळ धावतच बोळात शिरली.

दुकानात खोकी भरून ठेवलेली होती. प्रिंटर गुंडाळलेला. फक्त टेबल आणि संगणक जागेवर होते.

"या," तो उठून उभा राहिला. तिच्या साडीकडं त्यानं क्षणभर बघितलं आणि नजर काढून घेतली. तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. त्यानं एक डबा पुढं केला. "आधी तोंड गोड करा."

नागपूरची संत्रा बर्फी. कथा संपली म्हणून आणली, असं समजून तिनं एक तुकडा तोंडात टाकला. "छान आहे. कशाची?"

"साखरपुड्याची." तो खोक्यांकडं बघत होता. "रविवारी मुलगी बघायला गेलो होतो. आमच्यात माहितीय ना तुम्हाला, पसंत पडली की लगेच उरकून घेतात. निशा नाव आहे. नर्स आहे. मी छापखान्याचं पण हो म्हणून आलो."

बर्फी तोंडातच राहिली. ती गिळता येईना, काढता येईना. सुलेखाला फक्त एवढंच सुचलं की ते पाकीट आधी उचललं पाहिजे.

"ते... ते पाकीट द्या जरा. एक पान चुकून आलंय त्यात."

"कुठलं?" सवयच होती त्याची. पानं उलटी करून शेवटचा आकडा बघायचा. "चौसष्ट? पण चौसष्ट तर माझ्याकडं टाइप झालंय, मॅडम..."

"द्या ते!"

पण त्याचे डोळे ओळीवर गेले होते. आणि त्याला ते वाचता येत होतं. अख्ख्या शहरात त्या एकट्यालाच येत होतं.

"'मेघानं बसच्या खिडकीवर थाप मारली,'" तो मोठ्यानं वाचू लागला, पहिल्या दिवशी वाचलं होतं तसंच सरळ, न अडखळता. "'उतर खाली, ती म्हणाली. सगळं स्टँड बघत होतं, तिला लाज वाटली नाही. उतर खाली. मला हाक मारता येत नाही म्हणून मी आजवर किती माणसं जाऊ दिली. तुला नाही जाऊ देणार. थांब. मी सांगते म्हणून थांब. आणि चल आता, सकाळपासून...'" इथं मात्र त्यानं पान खाली ठेवलं, परत उचललं. "'...सकाळपासून जेवला नाहीस.'"

बाहेर ढोल वाजत होते.

"कधी लिहिलंत?"

"वेरूळहून आले. त्याच संध्याकाळी."

"आणि ते दुसरं? बस जाते ते?"

"ते आषाढातलं. तुम्ही विचारायच्या आधीचं."

तो खुर्चीत बसला. "मला वाटलं, मी विचारलं म्हणून तुम्ही लिहिलं ते. तुम्ही म्हणालात, उत्तर कथेत आहे. मी त्याच संध्याकाळी उघडून वाचलं. मेघा हाक मारत नाही. बस जाते. एवढं स्पष्ट कोण सांगतं, म्हटलं." त्यानं तिच्याकडं बघितलं. "आणि हे कुठं होतं एवढे दिवस?"

"पर्समध्ये."

"इथं? ह्या स्टुलावर?"

तिनं मान हलवली. डोळ्यांतलं पाणी आता तिला आवरेना, आणि तिनं आवरलंही नाही.

"मी विचारलं होतं तुम्हाला. शेवट हाच राहणार ना, म्हणून विचारलं होतं."

"मला गंमत करायची होती," ती रडत म्हणाली. "तुमचं तोंड बघायचं होतं मला, संघपाल. एवढंच. तुमचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "त्याच दिवशी भाऊजींना फोन केला मी." मग एकदम ताठ बसला. "अजून... मी अजून सांगू शकतो त्यांना. आत्ता फोन करतो."

फोन त्याच्या हातात होता. सुलेखाला तो फोन लागावा असं इतकं वाटलं, इतकं वाटलं, की तिची तिलाच भीती वाटली.

"कशी आहे ती?" तिनं विचारलं.

"कोण?"

"निशा."

त्याचा अंगठा थांबला. "चांगली आहे." खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही. "मी रात्रभर प्रवास करून गेलो होतो. सगळी माणसं पगार, नोकरी, काय काय विचारत होती. ती पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, तुम्ही जेवलात का?"

सुलेखानं डोळे पुसले. इरकलीच्या पदराला डाग पडला.

"ठेवा तो फोन," ती म्हणाली. "तिनं काय घोडं मारलंय आपलं?"

"आणि तुम्ही?"

"मी..." तिनं हसायचा प्रयत्न केला. "मला असे शेवट लिहायची सवय आहे."

त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला. मग गुंडाळलेला प्रिंटर परत सोडला, वायर जोडली, पानं पुढं ओढली. तो टाइप करत राहिला आणि ती स्टुलावर बसून राहिली. डबा मध्ये नव्हता एवढंच. त्रेसष्टावं पान संपलं तेव्हा चार वाजून गेले होते.

"कुठलं चौसष्ट लावू?" त्यानं विचारलं.

"जुनं लावा. तेच खरं निघालं."

"नाही," तो म्हणाला. आवाज हळू होता, पण इतका ठाम ती पहिल्यांदाच ऐकत होती. "ह्यांना तरी भेटू द्या. माझ्यासाठी एक वेळ त्यांना भेटू द्या."

आणि त्यानं ते पान टाइप केलं. एकेक अक्षर, सावकाश. 'थांब' शब्दापाशी त्याचा हात अडला, मग पुढं गेला.

छापलेली पानं त्यानं टाचून दिली. हातानं लिहिलेलं चौसष्टावं पान वेगळं घडी घातलं आणि तिच्यापुढं धरलं. "हे तुमच्याजवळ असू द्या. तिकडं नेणं बरं नाही."

"हो," ती म्हणाली. "बरं नाही ते."

दारात ती वळली. तो उभा होता, कानावर पेन्सिल तशीच.

"जेवत जा वेळेवर," तो म्हणाला.

*

अंक दिवाळीच्या आठ दिवस आधी आला. सुलेखानं तो उघडलाही नाही. नवी कथा ती सुरुवातीपासून लिहीत होती, शेवट काय होणार ते तिलाही ठाऊक नव्हतं, आणि मोबाइलवर एका बोटानं टाइप करायला शिकत होती. बोट दुखायचं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नळ आला. ती पिंप भरत असताना फोन वाजला. परभणीच्या मालनबाई. दरवर्षी कथा वाचून फोन करायच्या आणि दरवर्षी फोनवर रडायच्या.

"बाई, औंदा काय झालं तुम्हाला? मी रुमाल घेऊनच बसले होते. आता पोरगी हाक मारायची नाही, आता बस जाणार... आणि तिनं थापच मारली की खिडकीवर! लई बरं वाटलं बघा. औंदा रडवलं नाय तुम्ही."

"नाही ताई," सुलेखा म्हणाली. "ह्या वेळेला तिनं हाक मारली."

"असंच लिहीत जा. भेटवत जा माणसं."

फोन ठेवून ती आत गेली. अंक उघडला, शेवटचं पान काढलं. स्वच्छ, टपोरी अक्षरं. उतर खाली. थांब. मी सांगते म्हणून थांब. परभणीला वाचलं गेलं होतं ते, जालन्याला, लातूरला वाचलं गेलं होतं. आता ते कुणालाही वाचता येत होतं.

ती परत नळापाशी आली आणि हंडा लावून खाली बसली. पाणी जोरात पडत होतं, त्यामुळं आवाज कुणाला ऐकू जाण्यासारखा नव्हता. कडूबाई दारात आली. तिनं लेकीकडं बघितलं. भरलेला हंडा तिनं बाजूला घेतला आणि दुसरा रिकामा नळाखाली लावला.

"रड," ती म्हणाली. "अजून तासभर पाणी हाय."